साडेअठरा तास

रविवारी वर्तमानपत्राच्या कचेरीत सुस्ती असते. मंत्रालय बंद, न्यायालयं बंद, पुढारी आपापल्या मतदारसंघात. १४ डिसेंबर २००३ चा रविवार तर क्रिकेटने आमच्यासाठी आणखी सोपा करून ठेवला होता. अ‍ॅडलेडला द्रविड आणि लक्ष्मण यांची ३०३ धावांची भागी झाली होती, लक्ष्मण १४८ वर बाद झाला होता आणि द्रविड द्विशतकाच्या उंबरठ्यावर उभा होता. पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग त्या दोघांच्या फोटोला द्यायचा, हे दुपारच्या बैठकीत कुणी न बोलताच ठरलं. मी तेव्हा मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते आणि परदेशचं पान माझ्याकडे होतं. त्या दिवशी त्या पानावर एक मोठी जाहिरात होती, म्हणजे काम आणखी कमी.

दुपारच्या चहाला एजन्सीची ओळ आली. इराणच्या ‘इर्ना’ वृत्तसंस्थेचा हवाला होता, आणि इर्नाने हवाला दिला होता कुर्द नेते जलाल तालबानी यांचा. सद्दाम हुसेन पकडला गेला. बस, एवढंच. अमेरिकेकडून दुजोरा नाही, बगदादहून काही नाही.

आमचे वृत्तसंपादक, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. “अगं, दर पंधरवड्याला पकडतात त्याला,” म्हणाले. खोटं नव्हतं ते. एप्रिलमध्ये बगदाद पडल्यापासून सद्दाम कधी बाँबहल्ल्यात मेला होता, कधी सीरियात पळाला होता, कधी टॅक्सी चालवत होता. पण मला अडलं ते वेगळ्याच गोष्टीपाशी. शत्रूचा सर्वांत मोठा मोहरा अमेरिकेने टिपला असेल, तर ती बातमी अमेरिकेच्या आधी तेहरानहून कशी येते? आणि तीही एका कुर्द नेत्याच्या तोंडून?

साडेपाचला, म्हणजे बगदादमधल्या दुपारी तीनला, उत्तर मिळालं, निदान अर्धं. अमेरिकेने इराकवर नेमलेला प्रशासक पॉल ब्रेमर माइकसमोर आला आणि म्हणाला, सभ्य स्त्री-पुरुषहो, तो आमच्या हाती लागलाय. सभागृहातल्या इराकी पत्रकारांनी आरडाओरडा केला, कुणी ‘सद्दामला मृत्युदंड द्या’ म्हणून ओरडलं. मग इराकमधल्या फौजांचे प्रमुख जनरल रिकार्डो सांचेझ यांनी चित्रफीत लावली. विस्कटलेली दाढी, पिंजारलेले केस, आणि हातमोजे घातलेला डॉक्टर त्याच्या तोंडात टॉर्च मारून टाळू बघतोय. आमच्या टीव्हीभोवती क्रीडा विभागापासून शिपायांपर्यंत सगळे जमले होते. कुणीतरी म्हणालं, “हा तो वाटत नाही राव.” दुसरा म्हणाला, “आठ महिने न्हावी मिळाला नाही तर तू तरी तू वाटशील का?”

अण्णा मात्र आता उठले होते. द्रविड-लक्ष्मण खाली सरकले. पेजमेकरने क्वार्कमधली चौकट ओढून मोठी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, किती सोडू?” मी म्हटलं, “सगळं.”

डाक आवृत्ती लवकर सुटायची. त्यामुळे मी सांचेझ यांनी सांगितलेला घटनाक्रम जसा आला तसा लिहीत सुटले. शनिवारी सकाळी दहा पन्नासला खबर मिळाली. तिक्रितच्या दक्षिणेला, अद-दौर गावाजवळ दोन जागा हेरल्या, त्यांना नावं दिली वुल्व्हरिन एक आणि वुल्व्हरिन दोन. चौथ्या पायदळ डिव्हिजनची पहिली ब्रिगेड आणि विशेष पथकं मिळून सुमारे सहाशे सैनिक. दोन्ही जागी तो नव्हता. मग आजूबाजूचा भाग वेढला. एका शेतावर दोन खोल्यांची मातीची झोपडी, आणि तिच्याजवळ माती-विटांनी झाकलेलं, थर्मोकोलचं झाकण असलेलं सहा ते आठ फूट खोल बीळ. रात्री साधारण साडेआठला, नेमकं सांगायचं तर आठ वाजून सव्वीस मिनिटांनी, सद्दाम सापडला. एकही गोळी झाडली गेली नाही. सोबत दोन रायफली, एक पिस्तूल, नारिंगी-पांढरी टॅक्सी आणि शंभराच्या नोटांमध्ये साडेसात लाख डॉलर.

हे लिहिताना मी शेजारच्या कागदावर आकडेमोड करत होते. शनिवारी रात्री आठ सव्वीस ते रविवारी दुपारी तीन. साडेअठरा तास.

अमेरिकेचं म्हणणं होतं की ओळख पटवायला वेळ हवा होता. ते पटण्यासारखं होतं. सद्दामचे तोतये आहेत हे जगभर वर्षानुवर्षं छापून आलेलं होतं, तेव्हा चुकीच्या माणसाला पकडून जगापुढे मिरवणं त्यांना परवडलं नसतं. जुने कैदी दाखवले, अंगावरच्या खुणा पाहिल्या, डीएनए तपासला. अमेरिकेने नेमलेल्या इराकी गव्हर्निंग कौन्सिलचे अदनान पचाची, अहमद चलबी, मुवफ्फक अल-रुबाई आणि आदिल अब्दुल महदी यांना त्याच्यासमोर नेलं. ते चौघे त्याला शिव्याशाप देऊन आले. चलबी सोडला तर कुणाचंही नाव आमच्या वाचकांना ठाऊक नव्हतं, तरी मी चारही नावं ठेवली. पुढे ती कामाला आली.

पण साडेअठरा तासांत आणखीही पुष्कळ करता येतं. चित्रफितीतलं काय दाखवायचं, काय कापायचं ते ठरवता येतं. बिळाचा आराखडा काढून स्लाइड बनवता येते. कोणाचं नाव घ्यायचं आणि कोणाचं गाळायचं हेही ठरवता येतं. सांचेझ यांनी सांगितलेल्या घटनाक्रमात कुर्दांचा उल्लेखही नव्हता. म्हणजे ज्यांच्या तोंडून जगाला बातमी आधी कळली, ते अधिकृत हकिकतीत कुठेच नाहीत.

मी बातमीत तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं की हे वृत्त प्रथम तालबानी यांच्या हवाल्याने आलं होतं. शहर आवृत्तीत जागा कमी पडली तेव्हा हा परिच्छेद उडवायला निघालेल्या सहकाऱ्याशी माझी थोडी खणाखणी झाली. अण्णांनी मिटवलं. “राहू दे. उद्या कळेल तो का होता ते.”

आमच्या डेस्कवरचा संशय काही आभाळातून पडलेला नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेसिका लिंच या अमेरिकी सैनिक तरुणीने शेवटच्या गोळीपर्यंत झुंज दिल्याची कथा आम्ही सगळ्यांनी छापली होती. काही आठवड्यांत कळलं की तिच्या बंदुकीतून गोळी सुटलीच नव्हती. ज्या महासंहारक अस्त्रांसाठी युद्ध सुरू झालं, ती डिसेंबरपर्यंत कुठे मिळाली नव्हती. आपल्या लोकसभेने युद्धाची निंदा केली होती आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकला सैन्य पाठवायला नकार दिला होता. मराठी वाचकाच्या मनात अमेरिकेच्या शब्दाला फारशी पत उरली नव्हती.

त्यामुळे पुढच्या आठवड्यात पत्रांचा पाऊस पडला. पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं, आणि नव्यानेच सुरू झालेले ईमेल, ज्यांचे फाँट उघडायचे नाहीत. साताऱ्याहून एक निवृत्त गृहस्थ दर दोन-चार दिवसांनी लिहायचे. त्यांचं म्हणणं, हा तोतया आहे आणि खरा सद्दाम रशियात आहे. पुरावा म्हणून ते जुन्या आणि नव्या फोटोंमधल्या कानांच्या पाळ्या मोजायचे. वर्तमानपत्रातल्या ठिपक्यांच्या छपाईवर फूटपट्टी ठेवून.

पण एक शंका बरीच जण घेत होते, आणि तिच्यात दम वाटत होता. बिळाजवळच्या फोटोंत मागे खजुराचं झाड दिसत होतं आणि त्याला पिवळे घड. खजूर पिकतो उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला, इराकात फार तर ऑक्टोबरपर्यंत. मग डिसेंबरच्या मध्यावर पिवळा खजूर कुठला? म्हणजे सद्दामला उन्हाळ्यातच पकडलं होतं आणि निवडणुकीच्या सोयीने आत्ता बाहेर काढलं, असा त्याचा अर्थ लावला जात होता. बुशची निवडणूक पुढच्या नोव्हेंबरात होती.

अण्णा म्हणाले, “खजूर विकणाऱ्याला विचार.” मी मशीद बंदरला एका घाऊक व्यापाऱ्याकडे गेले. रमझान नुकताच उलटला होता, दुकानात रिकाम्या खोक्यांचा डोंगर. कच्छी माणूस, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, बसऱ्याचा खजूर त्यांच्या आजोबांपासून या गोदीत उतरायचा. मी फोटोचं कात्रण पुढे केलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

“हे बघा,” ते म्हणाले, “पिवळा म्हणजे खलाल. आमच्या कच्छात जून-जुलैला येतो तो, तुम्ही लोक ताजी खारीक म्हणून खाता. नंतर मऊ पडतो, तपकिरी होतो, मग वाळतो. डिसेंबरला ताजा पिवळा नाय मिळणार.”

“मग?”

“मग काय? बागेला मालक आहे का? लढाई चालू आहे. झाडावर चढून घड कापणार कोण? राहतात लटकून, सुकतात. रंग काय लावून धरता? तुमच्या पेपरात ऐश्वर्या राय पण पिवळीच येते.”

गोदामातल्या हमालांसकट सगळे हसले, मीसुद्धा.

कचेरीत परत येताना मी विचार करत होते तो फोटोच्या रंगाचा नाही, माणसांचा. सोमवारी, १५ डिसेंबरला, अमेरिकी सैन्याने देशोदेशीच्या पत्रकारांना त्या शेतावर नेलं होतं. त्यांनी झोपडी पाहिली, बिळात उतरून पाहिलं, पाकिटात घडी न मोडलेले कपडे आणि खाण्याचे डबे पाहिले. उन्हाळ्यात पकडून डिसेंबरपर्यंत दडवायचं म्हटलं तर ब्रिगेडच्या सहाशे जणांनी, वैद्यकीय पथकाने, हेलिकॉप्टरच्या चालकांनी आणि कुर्दांनी पाच-सहा महिने तोंडाला कुलूप लावायला हवं. कुर्दांनी तर साडेअठरा तासही लावलं नव्हतं. खजुराची शंका पुरती मिटली असं मी म्हणणार नाही, पण माझ्यापुरती ती हलकी झाली. मी त्यावर एक छोटी चौकट लिहिली. व्यापाऱ्याचं छपाईविषयीचं मत अण्णांनी कापलं.

ज्या शंकेवर कुणीच पत्र लिहीत नव्हतं ती मला जास्त खटकायची. बीळ.

जगभरच्या वर्तमानपत्रांत तो बिळाचा आराखडा छापला गेला, आमच्याकडेही. चौथ्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल रेमंड ओडिएर्नो पत्रकार परिषदेत म्हणाले होते की तो उंदरासारखा पकडला गेला, आणि नदीपलीकडे स्वतः बांधलेले महाल दिसत असताना हा इकडे जमिनीतल्या भोकात होता. सगळ्यांना ते चित्र आवडलं, मथळे आपोआप तयार झाले. पण त्याच पत्रकार परिषदेत सांगितलेलं नीट वाचलं तर सद्दाम बिळात राहत नव्हता. तो झोपडीत राहत होता. तिथे खाट होती, स्वयंपाकाची जागा होती, भांडी होती. बीळ होतं ते गस्त आली की काही वेळ लपण्यासाठी. म्हणजे अधिकृत हकिकत खोटी नव्हती, पण तिच्यातली सर्वांत छोटी गोष्ट सर्वांत मोठी करून दाखवली होती. आमच्या पानावर मी आराखड्याखाली झोपडीचं वर्णन घातलं. ते कोण वाचतो? लोकांच्या लक्षात राहिलं ते बीळ.

आणि जागाही अशी तशी नव्हती. १९५९ साली पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांच्यावरच्या फसलेल्या हल्ल्यानंतर पायात गोळी घेऊन पळालेला तरुण सद्दाम याच अद-दौरजवळ टायग्रिस पोहून पार झाला, अशी त्याची स्वतःची अधिकृत दंतकथा. सत्तेवर आल्यावर त्याने ती पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचवली. ज्याने अशा अधिकृत हकिकतींवर अख्खी राजवट चालवली, त्याच्या अटकेच्या अधिकृत हकिकतीवर लोक संशय घेत होते, ही गंमत मला त्या गर्दीतही जाणवली. पायावरचा तो जुना व्रण मात्र खरा होता. सीआयएचा विश्लेषक जॉन निक्सन याने त्याची ओळख पटवताना जे पाहिलं त्यात हा व्रण होता आणि हातावरचं गोंदणही.

मधल्या काळात एकेक पापुद्रा सुटत गेला. कुर्दांच्या बाजूने सांगितलं गेलं की कोसरत रसूल अली यांच्या नेतृत्वाखालच्या पीयूकेच्या, म्हणजे तालबानी यांच्या पक्षाच्या, पथकाचा या शोधात मोठा वाटा होता. पुढे काही परदेशी पत्रांनी तर कुर्दांनीच त्याला आधी पकडून, गुंगीचं औषध देऊन अमेरिकनांच्या हवाली केलं इथपर्यंत मजल मारली. २००५ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलातल्या, लेबनी वंशाच्या एका माजी सैनिकाच्या तोंडी सौदी वर्तमानपत्रात आणखी वेगळी कथा आली: सद्दाम एक दिवस आधीच, शुक्रवारी, एका घरात चकमकीनंतर पकडला गेला आणि बिळाचा देखावा नंतर रचला. ही बातमी माझ्या टेबलावर आली तेव्हा मी ती पहिल्या वाचनातच बाजूला ठेवली. मरीन हे लष्कराहून वेगळं दल, आणि त्याचा मुख्य भाग २००३ च्या शरदात इराकातून निघाला होता आणि पुढच्या वसंतात परतला. तिक्रितचा भाग लष्कराच्या चौथ्या डिव्हिजनकडे होता. सांगणारा तिथे होता का, एवढा साधा प्रश्न विचारला की निम्म्या शंका जागच्या जागी बसतात.

सद्दामचा वकील खलील अल-दुलैमी यानेही सांगितलं की त्याच्या अशिलाच्या म्हणण्यानुसार त्याला परिचिताच्या घरात पकडलं, बिळाची गोष्ट बनावट. यात मला नवल वाटलं नाही. बिळातून निघालो हे कुठला हुकूमशहा स्वतःहून कबूल करील?

ज्या गोष्टी खरंच गाळल्या होत्या त्या मात्र वेगळ्या निघाल्या. त्या रविवारी सांगितलेली ‘खबर’ कुणा खबऱ्याने आणून दिली नव्हती. मुहम्मद इब्राहिम उमर अल-मुस्लित हा सद्दामच्या आतल्या गोटातला माणूस बगदादमध्ये पकडला गेला होता. त्याची चौकशी सार्जंट एरिक मॅडॉक्सने केली. त्याला तिक्रितला नेलं, आणि नंतर आलेल्या वर्णनांप्रमाणे शेतापर्यंत त्यालाच सोबत घेऊन गेले. जागा दाखवली ती त्याने. म्हणूनच अडीच कोटी डॉलरचं जाहीर झालेलं बक्षीस कुणालाच मिळालं नाही, कारण माहिती आपखुशीने दिलेली नव्हती. आमच्या पहिल्या पानावर बक्षिसाचा आकडा ठळक होता आणि ते कुणाला मिळणार याचे तर्कही. ज्याने पत्ता सांगितला त्याचं नाव कुठल्याच वर्तमानपत्रात नव्हतं.

पत्रलेखकांना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांना तोतया हवा होता. २००४ च्या जुलैमध्ये सद्दाम न्यायालयात उभा राहिला आणि न्यायाधीशालाच उलट प्रश्न विचारू लागला, तेव्हा साताऱ्याच्या गृहस्थांचं पत्र आलं की तोतया अभिनय फार छान करतो.

३० डिसेंबर २००६, शनिवार. सकाळी फाशीची बातमी आली तेव्हा इराकी सरकारने दिलेली चित्रफीत मुकी होती. शिस्तशीर, जवळजवळ विधीसारखी. त्यानंतर काही तासांत कुणीतरी मोबाइलवर काढलेली दुसरी फीत फिरू लागली, तिच्यात आवाज होता. शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र याच्या नावाने ‘मुक्तदा, मुक्तदा’ अशा घोषणा, टोमणे, सद्दामची उत्तरं. अधिकृत फितीत एकही दृश्य खोटं नव्हतं, फक्त आवाज काढलेला होता. अण्णा तेव्हा निवृत्तीला आले होते. दोन्ही फिती बघून झाल्यावर त्यांनी दोन्हींतली दृश्यं शेजारी शेजारी लावायला सांगितली आणि खाली फक्त कोणती कुठून आली ते लिहायला लावलं.

तिसरी रात्र २० ऑक्टोबर २०११ ची. मी तोवर रात्रपाळीची प्रमुख झाले होते. लिबियातल्या सिर्तमधून निघालेल्या, सत्तेवरून हटवलेल्या हुकूमशहा गडाफीच्या ताफ्यावर नाटोच्या विमानांनी हल्ला केला, तो रस्त्याखालच्या पाण्याच्या पाइपात लपला आणि तिथून त्याला ओढून काढलं. राष्ट्रीय संक्रमण परिषदेचे पंतप्रधान महमूद जिब्रिल यांनी सांगितलं, तो जिवंत सापडला, गाडीतून नेताना दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडून मेला. डेस्कवरच्या मुलाने मथळा टाइप केला, ‘चकमकीत गडाफी ठार’. समोरच्या टीव्हीवर मोबाइलच्या फिती चालू होत्या. रक्ताने माखलेला गडाफी चालतोय, काहीतरी बोलतोय, लोक त्याला गाडीच्या बॉनेटवर ढकलतायत, केस ओढतायत.

“चकमकीत काढ,” मी म्हटलं.

“पण मॅडम, पंतप्रधान सांगतायत!”

“मग पंतप्रधान सांगतात असं आत लिही. आणि फितीत काय दिसतं तेही लिही, त्याच्या लगेच खाली.”

तो थोडा नाराज झाला, कारण बाकीच्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत चकमक येणार हे त्याला ठाऊक होतं. काही ठिकाणी आलीच. २००३ मध्ये अद-दौरच्या त्या अंधारात कॅमेरा फक्त सैन्याकडे होता, सिर्तमध्ये तो ज्याच्या त्याच्या खिशात होता. जिब्रिल यांना साडेअठरा तास मिळाले नाहीत, साडेअठरा मिनिटंही नाहीत.

वर्षभराने ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल आला. गडाफीला जिवंत पकडून मारहाण झाल्याचे पुरावे तर त्यात होतेच, शिवाय त्याच्या ताफ्यातल्या निदान ६६ जणांना सिर्तच्या महारी हॉटेलात पकडीत असताना ठार केल्याचं म्हटलं होतं. त्या ६६ जणांबद्दल अधिकृत हकिकतीत अवाक्षर नव्हतं. मला ती बातमी पहिल्या पानावर हवी होती. ऑक्टोबर २०१२ चा तिसरा आठवडा होता, दसरा तोंडावर आलेला, पहिल्या पानावर सोन्याच्या आणि फ्लॅटच्या जाहिराती. परदेशच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, चार परिच्छेद मिळाले. आकडा मात्र मी मथळ्यात घातला.